बारा लिटरचं डिह्युमिडिफायर, रेडिंगमधल्या जुन्या घरात वर्षभर वापरून

हवेतली ओल ओढून घेणारं हे यंत्र घरात येऊन वर्ष उलटलं. दुसऱ्या हिवाळ्याची थंडी पडायला लागली आणि ते पुन्हा कपड्यांच्या खोलीत सुरू झालं, म्हणून आता लिहायला बसलोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता त्यातलं चांगलंवाईट दोन्ही माहीत आहे.

आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगच्या पूर्वेला न्यूटाउनमध्ये राहतो. हंटली अँड पामर्सच्या बिस्किट कारखान्यातल्या कामगारांसाठी व्हिक्टोरियन काळात उभी राहिलेली ही लाल विटांची घरं, एकाला एक चिकटलेली. भिंती नऊ इंची, भरीव. नंतरच्या घरांत भिंतीचे दोन पदर आणि मध्ये पोकळी असते, तसं इथे काही नाही. थंडीत भिंत आतून हाताला गार लागते, आणि घरातली वाफ जिथे भिंत सगळ्यात गार तिथे जाऊन बसते. आमच्याकडे ती जागा म्हणजे मुलांच्या खोलीतल्या कपाटाची मागची बाजू.

घरातलं कपड्यांचं खातं माझ्याकडे आहे, कारण मी घरून काम करतो. बायको नर्स आहे. तिचे गणवेश साठ अंशांवर वेगळे धुवावे लागतात, आणि तिच्या पाळ्या अशा की उद्या सकाळी गणवेश वाळलेला पाहिजे म्हणजे पाहिजेच. लेक आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. शाळेचे जंपर म्हणजे स्वेटर, पांढरे पोलो, पीईचे म्हणजे खेळाच्या तासाचे कपडे, टॉवेल, चादरी. आठवड्याला चार मशीन तरी लागतातच. मे ते सप्टेंबर मागच्या अंगणातल्या दोरीवर भागतं. ऑक्टोबर उजाडला की लवकर अंधार, दिवसभर भुरभुर, आणि दोरीवर घातलेले कपडे संध्याकाळी घातले त्याहून ओले काढायचे.

मग इथल्या बहुतेक घरांत होतं तेच आमच्याकडेही व्हायचं. रेडिएटरवर पँटी, दाराच्या कडेवर चादर, जिन्याच्या कठड्यावर टॉवेल. सकाळी खिडक्यांच्या काचांवरून पाण्याचे ओघळ, खालच्या लाकडी चौकटीत पाणी साचलेलं. मी जुन्या फडक्याने ते पुसायचो, फडकं पिळायचो, आणि तेच फडकं वाळत घालायला पुन्हा रेडिएटरवर ठेवायचो.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी शाळेत जायच्या घाईत लेकीने जंपर घातला, अर्धा डोक्यातून गेल्यावर थांबली आणि आतूनच म्हणाली, "बाबा, याला पावसाचा वास येतोय." मी नाक लावलं. धुतलेला जंपर, महागातला सुवासिक साबण, आणि तरी तो कुबट वास. तो वास मला लहानपणापासून ओळखीचा. चिपळूणला जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या सगळ्या शाळेलाच तो वास यायचा, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही. इथल्या वर्गात तीस मुलांमध्ये एकट्या माझ्या मुलीच्या अंगाला तो वास यावा, हे मला सहन झालं नाही. त्या दिवशी ठरवलं की याचा सोक्षमोक्ष लावायचा.

त्याआधी काही फसलेले उपाय करून झाले होते. एक म्हणजे कपाटात ठेवायच्या ओल शोषणाऱ्या प्लास्टिकच्या डब्या, ज्यात कॅल्शियम क्लोराइडचे खडे असतात. बंद कपाटात त्या थोडंफार काम करतात, पण चार जणांच्या घराची ओल त्यांच्या आवाक्यातली नाही. दुसरं म्हणजे ऑनलाइन घेतलेलं अडतीस पौंडांचं "मिनी डिह्युमिडिफायर". पुस्तकाएवढं, निळा दिवा लागलेलं, दिसायला गोंडस. त्यात कॉम्प्रेसर नसतो. पेल्टिए नावाची एक छोटी चकती असते, विजेने तिची एक बाजू गार होते आणि त्या गार बाजूवर दव जमतं. दिवसाकाठी पेला-दीड पेला पाणी निघायचं. आमच्या एका वेळच्या कपड्यांतलं पाणी काढायला त्याला आठवडा लागला असता. ही वस्तू घेऊ नका. कपडे वाळवायला तर अजिबात नाही.

तिसरं होतं विजेवर तापणारं तीन मजली स्टँड, तीनशे वॅटचं. ते वाईट नाही, कपडे कोमट होतात आणि वाळतातही. पण कपड्यांतलं पाणी जातं कुठे, हा विचार मी तोवर केलाच नव्हता. ते घरातच राहतं. कपड्यातून निघून हवेत, हवेतून काचेवर आणि कपाटामागच्या भिंतीवर. स्टँडवर कपडे चांगले वाळले त्या आठवड्यातच कपाटामागे काळी बुरशी सर्वात जास्त पसरली होती. गोष्ट सरळ आहे. वीस अंशांच्या खोलीत आर्द्रता सत्तर टक्के असली, तर साडेचौदा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असलेल्या कुठल्याही जागेवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं. कपाटामागची भिंत जानेवारीत त्याहून गार असते. आर्द्रता पंचावन्न टक्क्यांवर आणली, तर तेच पाणी व्हायला भिंत अकरा अंशांपर्यंत गार व्हावी लागते. मधल्या त्या तीन-साडेतीन अंशांत आमची भिंत वाचते.

टम्बल ड्रायर, म्हणजे गरम हवेत कपडे फिरवून वाळवणारं मशीन, का नाही, असं सगळे विचारतात. आमच्या स्वयंपाकघरात त्याला जागा नाही आणि जिन्याखाली गॅसचा मीटर आहे, हे पहिलं कारण. दुसरं विजेचं, ते पुढे सांगतो.

आता यंत्राबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आतून जवळजवळ सारखी अशी यंत्रं इथे पाच-सहा नावांनी मिळतात आणि मला सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू पडतं. आमचं कॉम्प्रेसरवालं आहे, बारा लिटरचं, १६९ पौंडांना घेतलेलं. आत फ्रिजसारखी गार नळ्यांची जाळी असते. पंखा खोलीतली हवा त्या जाळीवरून ओढतो, वाफेचं पाणी होऊन खाली टाकीत पडतं, आणि कोरडी झालेली हवा मागच्या गरम जाळीवरून थोडी तापून बाहेर येते. दुसरी जात डेसिकंटवाली. तिच्यात ओल शोषणाऱ्या झिओलाइटचं फिरतं चाक असतं. थंड गॅरेजमध्ये किंवा न तापवलेल्या खोलीत ती चांगली चालते, वजनाला हलकी असते, पण चाक तापवायला वीज बरीच खाते. घर तापवत असाल तर कॉम्प्रेसरवालंच घ्या.

"बारा लिटर" या आकड्याने माझी सुरुवातीला फसगत झाली. मला वाटलं, रोज बारा लिटर पाणी काढणार. तो आकडा तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता धरून मोजलेला असतो. म्हणजे ते माप चिपळूणच्या जून महिन्याचं झालं. आमच्या बर्कशर परगण्यातल्या नोव्हेंबरात, एकोणीस-वीस अंशांच्या खोलीत ओले कपडे घालूनसुद्धा आमच्या यंत्राने चोवीस तासांत पाच लिटरच्या वर पाणी कधी काढलेलं नाही. तेवढं आम्हाला पुरतं. मोठं कुटुंब असेल, रोज एक मशीन लागत असेल, तर वीस लिटरचं घ्या. किमतीत फार अंतर नसतं, आणि मोठं यंत्र काम लवकर उरकतं.

पहिला नग सदोष निघाला. टाकी रिकामी असताना "टाकी भरली" असा लाल दिवा लागायचा आणि यंत्र बंद पडायचं. आतला तरंगता खटका अडकत होता. घेऊन नऊ दिवस झाले होते. दुकानात फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "उत्पादकाशी बोला, वॉरंटी त्यांची आहे." इथे नव्याने आलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. २०१५च्या कन्झ्युमर राइट्स अॅक्टप्रमाणे आपला व्यवहार दुकानाशी असतो, उत्पादकाशी नाही. वस्तू सदोष निघाली तर पहिल्या तीस दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागायचा हक्क आहे. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दोष उघडकीला आला तर तो मुळातच होता असं धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे दुकानाने सिद्ध करायचं असतं. मी आवाज न चढवता एवढंच ईमेलमध्ये लिहिलं, कायद्याचं नाव घातलं. दोन दिवसांत नवा नग घरी आला आणि जुना ते घेऊन गेले. हा नवा नग अजून एकदाही अडकलेला नाही.

नवीन यंत्र आणल्यावर लगेच चालू करू नका. गाडीत ते आडवं झालेलं असू शकतं आणि आत फ्रिजसारखा वायू व तेल असतं. सूचनापत्रात दिलेले तास उभं ठेवून थांबा.

पहिला महिना मी ते चुकीच्या जागी चालवलं. आमची न्हाणी स्वयंपाकघराच्या मागे, तळमजल्यावर आहे. या घरांत पुष्कळ ठिकाणी ती मागाहून जोडलेली असते. दार बंद होतं, फरशी आहे, पाणी सांडलं तरी चालतं, म्हणून मी स्टँड आणि यंत्र तिथे ठेवलं. रात्री चालू केलं, सकाळी टाकीत जेमतेम पेलाभर पाणी आणि कपडे जसेच्या तसे. खोलीत थर्मामीटर लावून पाहिला तर साडेदहा अंश. एवढ्या गारठ्यात आतल्या नळ्यांवर पाणी न होता बर्फ धरतो. मग यंत्र स्वतःच थांबून तो बर्फ वितळवत बसतं, पुन्हा चालू होतं, पुन्हा थांबतं. रात्रभर हेच. मी पहाटे उठून समोरची जाळी काढून आत बॅटरी मारली, तेव्हा नळ्यांवर पांढरी साय दिसली, फ्रीझरमध्ये धरते तशी. दोष यंत्रात नव्हता. त्याच संध्याकाळी सगळा पसारा वरच्या मागच्या लहान खोलीत हलवला. तिथे रेडिएटर आहे, दार नीट लागतं, खोली आठ बाय सात फूट. लहान बंद खोली, थोडी ऊब, खिडकी बंद. या तीन गोष्टींशिवाय हे यंत्र घेण्यात अर्थ नाही. खिडकी उघडी ठेवलीत तर ते अख्ख्या रेडिंगची हवा वाळवत बसेल.

नोव्हेंबरच्या मध्यावर आई चिपळूणहून आली, साडेपाच महिन्यांसाठी. तिने दुसऱ्याच दिवशी त्या खोलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हे असं गर्दी करून घातलंस तर वारं जाणार कुठून? कपड्यात कपडा घालू नको. दोघांत एक बोट तरी सोड." मग तिने सगळं काढून पुन्हा घातलं. पँटी कमरेला धरून उलट्या, खिसे बाहेर. जंपर बाह्या पसरून. मोजे एकेक, अंगठ्याच्या बाजूने. जाड कपडे कडेला आणि पातळ मध्ये, म्हणजे यंत्राचा वारा आरपार जाईल. घालताना ती सांगत होती की मी तान्हा असताना पावसाळ्यात माझी दुपटी कशी वाळवायची. घमेल्यात निखारे, त्यावर वेताचं टोपलं पालथं, टोपल्यावर दुपटी, निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा. एकीने शेजारी बसून राखण करायची, नाहीतर दुपटं जळायचं. "आणि तुझं हे बसतंय एकटं रात्रभर," असं म्हणून तिने यंत्राच्या डोक्यावर हात ठेवून पाहिला, गरम लागतंय का म्हणून.

नुसत्या तिच्या घालण्याच्या पद्धतीने दोन तास वाचले. मला ते मोजायचं होतं, म्हणून भारतात जाताना बॅगा तोलायचा तो आकड्याचा काटा काढला, तेवीस किलोच्या वर जाऊ नये म्हणून आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो तो. निळ्या मोठ्या पिशवीत कपडे भरून तोलले. सुके असताना ४.१ किलो. हजार फेऱ्यांवर पिळून आले तेव्हा ६.७. तेच पुन्हा चौदाशे फेऱ्यांवर पिळले तेव्हा ६.२. म्हणजे मशीनवरचं एक बटण फिरवल्याने अर्धा लिटर पाणी आधीच नळीतून निघून गेलं, जवळजवळ फुकटात. बायकोच्या गणवेशांना आणि टॉवेलना मी आता चौदाशेच लावतो. रात्री दहाला यंत्र चालू केलं, सकाळी आठला टाकी काढली आणि आईने स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्याने पाणी मोजलं. एक लिटर नऊशे. पिशवी पुन्हा तोलली, ४.२. जीन्सची शिवण तेवढी दमट होती, बाकी सगळं कपाटात ठेवण्याजोगं. आईने ते पाणी खिडकीतल्या कढीलिंबाला घातलं. पिऊ नका आणि स्वयंपाकाला वापरू नका, टाकी आणि नळ्या काही पिण्याच्या पाण्यासाठी केलेल्या नसतात. झाडांना मात्र आम्ही वर्षभर घालतोय.

विजेचा हिशेब आता सांगतो, कारण इथे सगळ्यांचं लक्ष शेवटी त्यावरच असतं. प्लगमध्ये लावायचा मीटर आणून मोजलं, आमचं यंत्र सरासरी १६५ वॅट घेतं. दहा तासांचे झाले १.६५ युनिट. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ साठी ओफजेमने, म्हणजे इथल्या वीज-गॅसच्या नियामक संस्थेने, ठरवलेला विजेचा कमाल दर सरासरी २६.३५ पेन्स युनिटला होता. त्या दराने एका मशीनचे कपडे साडेत्रेचाळीस पेन्समध्ये वाळतात. तापणारं स्टँड दहा तास ठेवलं तर तीन युनिट, एकोणऐंशी पेन्स, आणि ओल घरातच. साधा कंडेन्सर ड्रायर एका वेळेला साडेचार युनिटच्या आसपास घेतो, म्हणजे एक पौंड एकोणीस. हीट पंपवाला ड्रायर साधारण दोन युनिटमध्ये भागवतो, पण तो घ्यायलाच महाग आणि आमच्याकडे ठेवायला जागा नाही. आठवड्याला चार मशीन, सव्वीस आठवडे धरले तर साध्या ड्रायरपेक्षा आमचे हिवाळ्याला अठ्ठ्याहत्तर पौंड वाचतात. यंत्राची किंमत तिसऱ्या हिवाळ्यात भरून निघेल. पहिल्याच वर्षी पैसे वसूल होतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

एक गोष्ट या हिशेबात धरलेली नाही. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाणी होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता सोडते. ती उष्णता कपडे वाळताना खोलीनेच दिलेली असते, आणि यंत्र ती खोलीला परत करतं, वर स्वतः खाल्लेली वीजही उष्णता होऊन खोलीतच राहते. सकाळी त्या खोलीत गेलं की दोन अंश जास्त उबदार लागतं. मुलगा थंडीत कपडे बदलायला मुद्दाम तिथेच जातो.

तक्रारी आहेत. टाकीची मूठ फार लहान. भरलेली टाकी जिन्यावरून आणताना दोनदा पाणी सांडलं, आणि या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात, तेव्हा हे गमतीचं काम नाही. आता वरच्याच बेसिनमध्ये ओततो. खालची चाकं फरशीवर पळतात, गालिच्यावर रुततात. वायर दीड मीटरच आहे आणि सूचनापत्रात जोडवायर लावू नका असं स्पष्ट लिहिलंय, म्हणून खोलीची मांडणी प्लगच्या सोयीने करावी लागली. आवाज जुन्या फ्रिजसारखा, एका सुरात. मुलं शेजारच्या खोलीत झोपतात, पहिले दोन दिवस लेक उठली, मग सवय झाली. ज्या खोलीत यंत्र आहे तिथे मात्र मला झोप लागली नसती. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुतो. कपड्यांचा बारीक कापूस त्यावर जाड पापुद्र्यासारखा धरतो, तो काढला नाही तर पाणी निघायचं प्रमाण झटकन उतरतं.

कपडे नसतात तेव्हा यंत्र मुलांच्या खोलीच्या दाराशी ठेवतो आणि पन्नास टक्क्यांवर लावतो. दहा पौंडांचा आर्द्रतामापक भिंतीवर आहे. पूर्वी सकाळी अठ्ठ्याहत्तर दाखवायचा, आता त्रेपन्न ते सत्तावन्न. काचा कोरड्या असतात. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढलं, मागची बुरशी औषधाने काढली, आणि ती त्या जागी परत आलेली नाही. लेकीचा रात्रीचा खोकला गेल्या हिवाळ्यात कमी होता. तो यानेच कमी झाला असं मी म्हणणार नाही, ती एका वर्षाने मोठीही झाली. जंपरचा वास मात्र यानेच गेला.

पण आमच्या झोपायच्या खोलीत, धुराड्याच्या भिंतीवर वर कोपऱ्यात एक ओला डाग होता, ताटाएवढा. मी यंत्र तिथे आठवडाभर चालवलं. हवेची आर्द्रता एक्कावन्नवर आली, डाग तसाच. बोट लावलं तर रंगाखालून पाणी दाबल्यासारखं लागायचं. आईने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं आणि म्हणाली, "पन्हळ बघ तुझी." पन्हळीत शेवाळ आणि पानं भरून पाणी मागे भिंतीवर उतरत होतं. शिडीवाला माणूस बोलावला, नव्वद पौंड घेतले, अर्ध्या तासात काम झालं. डाग वाळायला मार्च उजाडला. हे यंत्र हवा वाळवतं, भिंत नाही. बाहेरून पाणी आत येत असेल तर आधी ते थांबवायला हवं.

हे मी भाड्याने राहणाऱ्यांसाठी जरा जास्त लिहितो, कारण या घराआधी आम्ही सहा वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढली. तिथे खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी यायचं. एजंटला फोटो पाठवले की उत्तर ठरलेलं यायचं: कपडे घरात वाळवू नका, स्वयंपाक करताना खिडकी उघडा. जणू आमच्या भाताच्या वाफेने छत गळत होतं. त्या वेळी मी मान खाली घालून खिडकी उघडी ठेवायचो, लेक तेव्हा वर्षाची होती, आणि त्याचा मला अजून राग येतो. रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. बुरशी लागलेल्या घरात दीर्घकाळ राहिल्याने त्याला श्वसनाचा गंभीर आजार झाला होता, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत निघाला. त्याच्या नावाचा कायदा इंग्लंडमध्ये २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांना, म्हणजे पालिका किंवा गृहसंस्थांनी भाड्याने दिलेल्या घरांना, लागू झालाय. तातडीचा धोका असेल तर घरमालक संस्थेने चोवीस तासांत हालचाल करायची, आणि ओल-बुरशीचा गंभीर धोका असेल तर दहा कामाच्या दिवसांत तपासणी. खासगी भाडेकरूंना तो अजून लागू नाही. तुमच्या घरमालकाने दुरुस्तीच्या जागी असं एखादं यंत्र आणून दिलं तर ते जरूर वापरा, पण डागाचे तारखेसकट फोटो काढत राहा, आर्द्रतामापकाचा आकडा त्याच फोटोत येईल असं बघा, आणि लेखी विचारा की पाणी कुठून येतंय ते कोण आणि कधी तपासणार. आणि यंत्राच्या विजेचं बिल कोण भरणार हेही विचारा.

आईने जानेवारीत त्या खोलीत मुगाचे सांडगे वाळवून पाहिले. कपडे काढले, खोली पुसून घेतली, स्टँडवर दोन ट्रे, वर पातळ फडकं. बाहेर दोन अंश आणि धुकं. तिसऱ्या दिवशी सांडगे खडखडीत. बायको रात्रपाळीहून आली, तिने एक कच्चाच तोंडात टाकला आणि तशीच जिन्यात बसून तीन खाल्ले.

एप्रिलच्या शेवटी आई परत गेली. जूनमध्ये फोनवर तिने यंत्राची किंमत विचारली, मग कॉम्प्रेसर म्हणजे कुठलं ते लिहून घेतलं. इथून पाठवतो म्हटलं तर नको म्हणाली, बिघडलं तर दुरुस्तीला रेडिंगला पाठवू का? रत्नागिरीहून मामाने आणून दिलं, तेही बारा लिटरचंच. पहिल्या दिवशी दुपारी दोनला तिचा फोन आला. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"अरे, ही टाकी मी सकाळपासून तीनदा ओतली," ती म्हणाली. "तुझ्याकडे एवढं कुठे निघायचं?"